टेबलाच्या अलीकडून

सरकारी कचेरीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला कादंबरी वाचताना आणि चित्रपट पाहताना एक खोड जडते, ती निवृत्तीचा हुकूम हाती पडल्यावरही सुटत नाही. पडद्यावर कचेरीचे दृश्य आले की इतर प्रेक्षकांचे डोळे नायकाच्या मुद्रेकडे लागतात. आमच्यासारख्यांची दृष्टी मात्र त्याच्या मागच्या कपाटात कोणती दप्तरे रचली आहेत, साहेबांपुढची फाईल उजवीकडच्या पत्रव्यवहाराने फुगली आहे की डावीकडच्या टिप्पणीने, आणि पानांना लावलेल्या झेंड्या टाचणीने टोचल्या आहेत की दिग्दर्शकाच्या कुणा मदतनिसाने डिंकाने चिकटवल्या आहेत, याचा निवाडा करण्यात गुंतून जाते.

माझी अवघी नोकरी दिल्लीत, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात झाली. सहायक म्हणून रुजू झालो, कक्ष अधिकारी झालो, अवर सचिव या पदावरून निवृत्त झालो, आणि आता नोएडात राहून, ज्या प्रहरी पूर्वी मसुदे तयार करीत असे त्याच प्रहरी कादंबऱ्या वाचतो, चित्रपट पाहतो. त्यांविषयीची मते मांडताना समीक्षकाचा आव आणण्याचे कारण नाही, कारण माझी कसोटी फार एकांगी आहे याची मला जाणीव आहे. साहित्यात आणि सिनेमात सरकारी माणूस बहुधा टेबलाच्या पलीकडून, म्हणजे अर्जदाराच्या खुर्चीवरून पाहिलेला असतो; तेथून तो खलपुरुष दिसतो, विदूषक दिसतो, क्वचित हुतात्माही दिसतो. अलीकडे बसलेल्याला यांपैकी एकही सोंग ओळखीचे वाटत नाही. ज्या मोजक्या लेखक-दिग्दर्शकांनी टेबल ओलांडून अलीकडे येण्याचे कष्ट घेतले त्यांचे मला मोल वाटते. ते आमची कड घेतात असे मुळीच नाही, उलट आमच्यावर सर्वांत कठोर होतात तेच.

दिल्लीत मराठी पुस्तक मिळवणे हा एके काळी लहानसा उद्योगच होता. केंद्रीय सचिवालय ग्रंथालयाची हिंदी आणि अन्य भारतीय भाषांची शाखा, तुलसी सदन, भगवानदास मार्गावरच्या बहावलपूर हाऊसमध्ये, आणि तेथून पायी जाण्याच्या अंतरावर, फिरोजशहा मार्गावर रवींद्र भवनात साहित्य अकादमीचे ग्रंथालय. जेवणाच्या सुटीत डबा आटोपून या दोन ठिकाणी होणाऱ्या फेऱ्यांवर माझे बहुतेक वाचन पोसले गेले. चित्रपटांचे म्हणाल तर २००४ साली आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात कायमचा स्थिरावण्यापूर्वी त्याचा मुक्काम वरचेवर सिरी फोर्टात पडे, आणि त्या दिवसांत मंत्रालयात पासांचे वाटप हा बदल्यांइतकाच नाजूक विषय होऊन बसे. जपानी सिनेमा पाहण्यासाठी माणसे कोणाकोणाच्या ओळखी काढीत, हे आज सांगूनही खरे वाटणार नाही.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१५ साली प्रदर्शित झाला तेव्हा मी पाहिला होता आणि नुकताच पुन्हा पाहिला. नारायण कांबळे या वृद्ध शाहिरावर आरोप असा, की त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराने जीव दिला. मुंबईच्या सत्र न्यायालयात हा खटला तारखांमागून तारखा पडत रेंगाळतो. अन्यायाचा हा विषय कोणाही दिग्दर्शकाच्या हाती गेला असता तर सरकारी वकील म्हणून एखादा कावेबाज मनुष्य उभा राहिला असता आणि आपण सुखाने त्याचा द्वेष केला असता. ताम्हाणे यांनी तेथे गीतांजली कुलकर्णी यांना नूतन या नावाने उभे केले, आणि ती बाई कायद्याची कलमे ज्या आवाजात वाचते तो आवाज ऐकताच मी खुर्चीत सरसावून बसलो. त्यात त्वेष नाही, कपट नाही, आरोपीविषयी लोभ नाही की राग नाही. पूर्णविरामालाही न थांबता, पान उलटताना स्वर तसूभर न बदलता, ती इंग्रजांच्या अमदानीतला कायदा वाचून दाखवते. हा आवाज मी वर्षानुवर्षे बैठकांतून ऐकला आहे, आणि उपसचिवांपुढे प्रकरण मांडताना मीही तो लावला आहे. आवाजात भाव उतरला तर तो प्रस्ताव आपला ठरतो, भाव नसेल तर तो शासनाचा राहतो, हे कचेरीत कोणी शिकवीत नाही तरी पहिल्या वर्षातच सर्वांना कळते.

पुढे कॅमेरा तिच्याबरोबर लोकलमध्ये चढतो, घरी येतो, स्वयंपाकघरात तिच्या मागे उभा राहतो. सुटीच्या दिवशी ती नवऱ्यामुलांसह मराठी नाटकाला जाते आणि परप्रांतीयांच्या नावाने केलेल्या विनोदांना भरल्या नाट्यगृहात हशा-टाळ्या पडतात. हा प्रसंग दिल्लीत बसून पाहणाऱ्या मराठी माणसाची जी अवस्था करतो तिची कल्पना मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला येणे कठीण आहे, कारण आम्ही येथे जन्मभर परप्रांतीयच. पहाडगंजातल्या नूतन मराठी शाळेत मुले घातली, बृहन्महाराष्ट्र भवनात गणपतीच्या दिवसांत आरत्या म्हटल्या, आणि तरीही शेजारच्या पंजाबी बाईंनी अखेरपर्यंत आम्हांला 'बंबईवाले' म्हणूनच ओळखले. 'कोर्ट' प्रथम पाहिला तेव्हा सभागृहात आम्ही मराठी थोडे होतो. इतर मंडळी उपशीर्षके वाचीत गंभीर बसली होती आणि आम्ही मात्र भाषेचा ठसका कानी पडल्याच्या आनंदात पहिल्या दोन विनोदांना मोठ्याने हसलो. तिसऱ्याला हसू आले नाही. दिग्दर्शकाने आम्हांला नूतनच्या शेजारच्या खुर्चीवर कधी नेऊन बसवले ते समजलेच नव्हते.

'सिंहासन' मी अशा कारणांसाठी पाहत नाही. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून जब्बार पटेल यांनी १९७९ साली केलेला तो चित्रपट आजही चढता वाटतो, निळू फुले यांचा दिगू टिपणीस तर विसरणे अशक्य. पण तो राज्यकर्त्यांचा आणि पत्रकारांचा चित्रपट आहे, त्यात सचिवालय ही एक इमारत आहे.

हिंदीकडे वळल्यावर मला दोन पुस्तके सापडली आणि ती आजतागायत उशाशी आहेत. विनोदकुमार शुक्ल यांची 'नौकर की कमीज' ही १९७९ सालची कादंबरी: साहेबांच्या बंगल्यावर नोकरासाठी शिवलेला सदरा असतो, तो अंगाला नेमका बसणारा माणूस मिळत नाही, आणि अखेरीस कचेरीतल्या एका कारकुनाला तो बळेच चढवला जातो. एवढेच. इतकी शांत आणि इतकी भयंकर गोष्ट मराठीत कारकुनाविषयी कोणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही. दुसरे पुस्तक श्रीलाल शुक्ल यांचे 'राग दरबारी', १९६८ सालचे, आणि त्याला दुसऱ्याच वर्षी अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातला लंगड तहसिलीतून एका दस्तऐवजाची नक्कल मिळवण्यासाठी, लाच न देण्याची शपथ घेऊन, खेटे घालीत राहतो. वाचकांना तो विनोदी वाटतो. मला त्यातले जे पान वाचून धडकी भरली ते असे: अखेर नक्कल तयार होते, रीतसर सूचनाफलकावर तशी नोटीस लागते, लंगड नेमका त्या दिवसांत तापाने अंथरुणाला खिळलेला असतो, मुदत संपते, आणि कोणी न्यायला आले नाही म्हणून नक्कल फाडून टाकली जाते. या प्रकरणाची चौकशी माझ्याकडे आली असती तर मी काय अहवाल दिला असता? नक्कल मुदतीत तयार झाली, नोटीस लावली गेली, अभिलेखाची विल्हेवाट नियमाप्रमाणे झाली. कोणावरही ठपका ठेवण्याजोगे काही आढळून येत नाही. श्रीलाल शुक्ल स्वतः उत्तर प्रदेशच्या प्रशासकीय सेवेत होते, आणि ते पान अलीकडच्या खुर्चीवर बसलेल्या माणसावाचून दुसऱ्या कोणाला सुचले नसते.

आता ज्या विषयापाशी मला अधिक थांबावयाचे आहे तो धरणाचा. आमच्या कक्षाकडे जनतेकडून येणारी निवेदने हाताळण्याचे काम होते, आणि मराठीत लिहिलेले निवेदन आले की ते, विषय कोणताही असो, माझ्या टेबलावर येऊन पडे. पोस्टकार्डे, अंतर्देशीय पत्रे, वहीचे फाडलेले रुळाचे कागद. खाली सह्यांपेक्षा अंगठे अधिक, आणि अंगठ्यांची शाई पुष्कळदा मजकुरावर उतरलेली. कोयनेचे धरण १९६४ साली पुरे झाले, पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला, तरी या ना त्या धरणातून उठलेल्या गावांची गाऱ्हाणी मी निवृत्त होईपर्यंत येतच होती. त्यांचा इंग्रजीत दोन ओळींचा गोषवारा करावयाचा, जमीन आणि पुनर्वसन हे विषय राज्याच्या अखत्यारीतील असल्यामुळे 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' निवेदन राज्य सरकारकडे रवाना करावयाचे, अर्जदाराला तसे कळवावयाचे, आणि प्रकरण बंद करावयाचे, अशी पद्धत होती. पद्धत घटनेला धरून होती आणि आजही तिच्यात मला दोष काढता येत नाही. एवढेच, की 'प्रकरण बंद' हा शेरा कागदावर उमटत असताना त्या कागदापलीकडे नक्की काय चालू आहे हे कळण्याची कोणतीही सोय त्या पद्धतीत नव्हती.

ती सोय विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'ने केली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढल्याच वर्षी अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीचे लेखक स्वतः महसुली प्रशासनातले, आणि ते प्रत्येक पानावर जाणवते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याची आम्हांला पाठ असलेली उतरंड, म्हणजे कलम ४ ची अधिसूचना, कलम ६ ची घोषणा, कलम ९ ची नोटीस, कलम ११ चा निवाडा, ही येथे गावावर एकेक पायरी उतरत येते, आणि दर पायरीवर कोणाचा ना कोणाचा मोबदला कमी होतो, कोणाचे नाव यादीतून गळते, कोणाच्या हाती खडकाळ माळ पडतो. भाषा जागोजाग भरमसाट आहे, क्रोध वाचकाला उसंत देत नाही, आणि मला स्वतःला हे पुस्तक शे-सव्वाशे पानांनी आखूड असते तर अधिक रुचले असते. तरी कलमांचा हा क्रम माणसांच्या आयुष्यावर असा बसवून दाखवणारी दुसरी मराठी कादंबरी मला ठाऊक नाही.

त्याच विषयावरची दुसरी कादंबरी, कृष्णात खोत यांची 'रिंगाण', मी फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियमवर अठ्ठ्याण्णवावे साहित्य संमेलन भरले त्या वेळी घेतली. (दिल्लीत यापूर्वीचे संमेलन १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली झाले होते, आम्हां दिल्लीकर मराठ्यांची पाळी सत्तर वर्षांनी येते, आणि तेव्हाही गाडी कोठे लावावी हाच चर्चेचा मुख्य विषय असतो.) 'रिंगाण'ला २०२३ सालचा अकादमी पुरस्कार मिळालेला आहे. धरणामुळे उठलेल्या गावातला माणूस मागे राहिलेल्या, रानात एकटी पडून रानटी झालेल्या म्हशीला परत आणायला जुन्या जागी जातो. त्या माणसाच्या आणि त्या जनावराच्या झटापटीवर कादंबरी उभी आहे. येथे कलमे नाहीत, निवाडा नाही, मामलेदार नाही. सरकार या पुस्तकात येऊन गेलेले आहे. 'झाडाझडती' वाचताना मी सारखा हिशेब तपासीत होतो, कोणता हुकूम कोणत्या कलमाखाली निघाला असेल याचा अंदाज घेत होतो. 'रिंगाण'ने ही सवलत दिली नाही. यादीत कुटुंबे असतात, घरे असतात, विहिरी आणि फळझाडेही असतात, पण ज्या म्हशीने नव्या जागी जाण्याचे नाकारले तिच्यासाठी रकाना नसतो. आणि दोघांपैकी खोतांचे पुस्तक मला थोर वाटते ते या रकान्याबाहेरच्या प्रदेशात ते निःशंकपणे शिरते म्हणून.

या दोन कादंबऱ्या वाचल्यावर दिल्लीचाही एक भाग मला निराळा दिसू लागला. ज्या टेकडीवर नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक उभे आहेत तिला रायसीना हे नाव तेथल्या खेड्यामुळे मिळाले, आणि १९११ च्या दरबारानंतर नवी राजधानी वसवण्यासाठी रायसीना, मालचा अशी गावे याच १८९४ च्या कायद्याखाली संपादन करण्यात आली. मालच्यातून उठलेल्यांचे वंशज आज हरियाणात सोनीपतच्या बाजूला आहेत, आणि पूर्वजांच्या जमिनीच्या मोबदल्यासाठी त्यांतल्या काहींनी शंभर वर्षांनंतरही न्यायालयाची पायरी चढली. तो कायदा १ जानेवारी २०१४ पासून रद्द होऊन त्याच्या जागी नवा आला. चाणक्यपुरीत मालचा मार्ग आहे, त्या नावाचा बाजारही आहे, तेथे उत्तम केक मिळतात.

पुन्हा कचेरीकडे वळायचे तर, अविनाश अरुण यांचा 'किल्ला' हा चित्रपट मी अलीकडेच नातवंडांबरोबर पाहिला. मुलांना समुद्र, खेकडे आणि बंड्या आवडला. मी अमृता सुभाष यांनी रंगवलेल्या आईकडे पाहत होतो: नवरा गेलेला, मुलगा अकरा-बारा वर्षांचा, बदली कोकणात, आणि नव्या कचेरीत पाऊल टाकल्याबरोबर 'येथली रीत' समजावून देणारे सहकारी. सही करावी की करू नये हा तिच्यापुढचा पेच दिग्दर्शकाने पार्श्वभूमीवर ठेवला आहे, कारण गोष्ट मुलाची. पण नव्या जागी रुजू झालेल्या अधिकाऱ्यापुढे पहिल्याच आठवड्यात जुन्या तारखेचा कागद कसा सहज सरकवला जातो, आणि 'मॅडम, नेहमीचंच आहे' हे वाक्य किती आदबीने उच्चारले जाते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला ती पार्श्वभूमीच पुढे येऊन उभी राहिलेली दिसते.

'न्यूटन'विषयी मात्र माझा आणि माझ्या एका बंगाली स्नेह्यांचा वाद मिटत नाही. तेही माझ्यासारखेच सचिवालयातून निवृत्त झालेले, आणि निवडणुकीच्या कामावर आम्ही दोघेही गेलेले. पहाटे किमान पन्नास मतांचे चाचणी मतदान घ्या, मोहरा लावा, रात्री नमुना १७-सी वर झालेल्या मतांचा हिशेब लिहून प्रतिनिधींच्या सह्या घ्या, या सर्व सोपस्कारांत आमचे केस पिकले. अमित मसुरकर यांच्या २०१७ सालच्या या हिंदी चित्रपटात छत्तीसगडच्या जंगलात अवघ्या ७६ मतदारांसाठी केंद्र उघडण्याचा हट्ट धरणारा तरुण कारकून आहे. स्नेह्यांच्या मते तो आदर्श सेवक. मला तो मनुष्य सोसत नाही. आरंभीच प्रशिक्षण देणारा अधिकारी त्याला त्याच्या प्रामाणिकपणाच्या घमेंडीबद्दल बजावतो, आणि माझ्या दृष्टीने चित्रपटाचे सारे मर्म तेथेच सांगून झाले आहे: नियम पाळण्यात रस असणे आणि नियम ज्यांच्यासाठी केला त्या माणसांत रस असणे या दोन भिन्न वृत्ती आहेत, आणि पहिलीला कचेरीत बढत्या मिळाल्या नाहीत तरी मान पुष्कळ मिळतो. अखेरच्या दृश्यात, मानेला पट्टा बांधून बसलेला हा गृहस्थ भेटीला आलेल्या माल्को या केंद्रावरच्या सहकारिणीला जेवणाची सुटी होईपर्यंत पाच मिनिटे थांबायला सांगतो. सभागृहात सर्वांना हसू येते. स्नेही तर टाळी देतात. मला त्या पाच मिनिटांत तो यापुढची तीस वर्षे काय करणार आहे ते लख्ख दिसले. मसुरकर त्याच्यावर प्रेम करतात की त्याची खिल्ली उडवतात हे मात्र दोनदा पाहूनही ठरवता आले नाही, आणि ही चित्रपटाची थोरवी मानावी की त्रुटी, याविषयी माझे मत दर महिन्याला बदलते.

याच वादातून मध्यंतरी आम्ही अकिरा कुरोसावा यांचा १९५२ सालचा 'इकिरू' पुन्हा लावला. तोक्योच्या नगरपालिकेतला एक विभागप्रमुख, वातानाबे, कर्करोगाने आपण मरणार हे कळल्यावर जन्मात प्रथमच एक काम तडीस नेतो. सांडपाण्याचे डबके बुजवून तेथे मुलांसाठी बाग करा अशी बायकांची मागणी असते, आणि त्यांना आरंभी या खात्यातून त्या खात्यात, त्या खात्यातून पुढच्या खात्यात पाठवले जाते ती दृश्यमालिका पाहताना शास्त्री भवनाचे जिने आठवल्यावाचून राहत नाहीत. पण कुरोसावांची खरी हुशारी पुढे आहे. नायकाला मध्येच मारून टाकून ते आपल्याला त्याच्या उत्तरक्रियेच्या बैठकीत नेऊन बसवतात, आणि सहकारी दारूचे पेले रिचवीत बागेचे श्रेय कोणाचे याचा काथ्याकूट करतात: बाग उद्यान खात्याची, निधी वरिष्ठांचा, वातानाबे यांनी केवळ पाठपुरावा केला. हळूहळू नशा चढते, गळे दाटून येतात, आणि उद्यापासून आपणही असेच काम करावयाचे अशा शपथा घेतल्या जातात. दुसऱ्या दिवशी नवे अर्जदार येतात, नवा प्रमुख त्यांना शांतपणे दुसऱ्या खात्याकडे पाठवतो, आणि एक कारकून खुर्ची मागे सारून ताडकन उभा राहतो; सारे त्याच्याकडे पाहतात, आणि तो मुकाट्याने खाली बसून कागदांच्या ढिगाआड दिसेनासा होतो.

स्नेह्यांचे म्हणणे, तो उभा तरी राहिला, हेच पुष्कळ. मी विचारले, उभा राहिला हे खरे, पण बसल्यावर त्याने टिप्पणीत लिहिले काय? यावर ते चिडले, म्हणाले की तुम्ही चित्रपट पाहत नाही, फाईल तपासता. आता त्यांनी याच कथेची इंग्रजी आवृत्ती, काझुओ इशिगुरो यांनी पटकथा लिहिलेला २०२२ सालचा 'लिव्हिंग', कोठून तरी मिळवला आहे, आणि लंडनच्या कचेरीत टिप्पणी कोणत्या बाजूला लावतात ते पाहून घ्या म्हणून रविवारी मला आपल्या घरी बोलावले आहे.